चांगदेवनं अखंड म्हटलेली डॉज

आळेफाट्याच्या चौकातून नाशिककडं निघालं की टायरवाल्यांची रांग संपते तिथं निळ्या पत्र्याचा एक गाळा लागतो. त्यावर पाटी नाही. पाटीचा विषय निघाला की चांगदेव औटी म्हणतो, "पाटी वाचून येनाऱ्याची गाडी मी बघत नाय." आता असल्या माणसाचा धंदा चालावा का? पण चालला, आणि चांगला चाळीस वर्षं चालला.

तसा चांगदेव डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा हे त्याचं पोटापाण्याचं काम, आणि तसे ठोकणारे आळेफाट्यावर पैशाला पासरी. पण जुनी गाडी पारखावी ती चांगदेवनंच. पुण्या-मुंबईचे हौशी लोक पन्नास-साठ वर्षांच्या गाड्या घेतात, हजार कागद बघतात आणि शेवटी एक माणूस इकडं पाठवतात. काही शहाणे नुसते फोनमधले फोटो दाखवतात. त्यांना चांगदेव उभ्या उभ्या वाटेला लावतो. "पाण्यात म्हैस आन बाहेर मोल माझ्याच्यानं व्हायचं नाय पावणं. गाडी आना."

गाडी आली की तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मग खाली बसतो आणि चाकं, धुरा, चॅसी बघतो. त्याला तो 'खूर' म्हणतो. बॉनेट उघडून इंजिन बघतो, ते 'दात'. मग बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक करत जातो. चांगल्या पत्र्याचा आवाज वेगळा, पुट्टी भरलेल्याचा वेगळा. एवढं करून जे काही सांगायचं ते एका वाक्यात सांगतो आणि चहा मागवतो.

हे खूर-दात आले कुठून? बापाकडून. भिमाजी औटी बेल्ह्याच्या बैलबाजारातला नावाजलेला पारखी. त्याचा एक नियम होता, आणि तो त्यानं लेकाच्या अंगात हळदीसारखा मुरवला होता. बैलाचे खूर बघावेत, दात बघावेत, चालवून बघावा, पण पाठीवर हात फिरवू नये. पाठीवर हात फिरवला की माया लागते, आणि माया लागली की मोल होत नाही. चांगदेवनं बैल सोडून मोटारी धरल्या तरी नियम सोडला नाही. मोटारीची पाठ म्हणजे टप. उभ्या आयुष्यात त्यानं पारखायला आलेल्या कुठल्याही गाडीच्या टपावर हात ठेवला नव्हता. लोक हसायचे. चांगदेव त्यांना हसू द्यायचा.

त्याचं नाव झालं ते मात्र एका डॉजमुळं.

सन चौऱ्याऐंशीची गोष्ट. मंचरच्या हस्तीमलशेठना मोठ्या मोटारीचा लई सोस. नाशिककडच्या एका कंत्राटदारानं छप्पन सालची काळी डॉज विकायला काढली होती, ती आळेफाट्याला पेट्रोल पंपाजवळ उभी केली. शेठनी पारखायला बोलावलं ते रखमाजी तांबटांना. रखमाजी म्हणजे चांगदेवचे उस्ताद. जुन्नरच्या तांबटांच्या घरातले. घरोघरी स्टीलची भांडी आली तशी हंडे-पातेली सोडून मोटारींच्या पत्र्याकडं वळलेले. त्यांच्या हाताखाली चांगदेव आठ वर्षं शिकला आणि वर्षापूर्वीच वेगळा झाला होता. पण रखमाजी त्या दिवशी म्हणाले, "शेठ, माझी नजर आता चालत न्हाई. चांगदेवला दाखवा."

सव्वीस वर्षांच्या पोराला यापरता मान कुठला? चांगदेवची छाती दोन वितींनी फुगली. मार्गशीर्षातली गार सकाळ होती. त्यानं दोन तास गाडी बघितली. खूर बघितले, दात बघितले, दारं उघडून पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबावर हात फिरवला, दाराखालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी चाचपली. आणि चार माणसांत खणखणीत आवाजात सांगितलं, "शेठ, अखंड हाय. अंगाला एक सांधा नाय."

हस्तीमलशेठनी तिथंच व्यवहार केला. त्यानंतर ती डॉज जिथं जिथं गेली, मंचरच्या लग्नांत गेली, भीमाशंकरला गेली, तिथं तिथं शेठ सांगायचे, "चांगदेवनं अखंड म्हटलेली गाडी आहे." मारवाडी माणसानं न मागता दिलेलं सर्टिफिकेट! बघता बघता ते वाक्य गाडीपेक्षा लांब पळालं. चांगदेव अखंड म्हणाला म्हणजे अखंड, असं दोन तालुक्यांत होऊन बसलं. दारा-मडगार्डच्या कामाला डॉज त्याच्याकडं अधूनमधून यायची, पण तिला पुन्हा पारखायचं कारण कधी पडलं नाही. सोन्याला कोण रोज कसोटीवर घासतं?

यंदाच्या चैत्रात ती पुन्हा पारखायला आली.

हस्तीमलशेठ जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांचा नातू प्रितम मंचरला हार्डवेअरचं दुकान चालवतो. मुंबईच्या एका मोठ्या हौशी माणसानं डॉज मागितली होती, अट एकच, गाडी मूळची असली पाहिजे. त्याच्या वतीनं किंमत काढायला पुण्याहून वृषाली नावाची मुलगी आली होती. तिशीतली, चुणचुणीत, हातात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणि चार पानांचा फॉर्म. तिनं दारं मोजली, मडगार्ड मोजली, बॉनेट, डिकी मोजली. टपाला फॉर्ममध्ये एकच खण होता, तिथं तिनं पुढच्या काचेपासून वीतभर मागं यंत्र टेकवलं. आकडे सुरेख आले. चॅसीचा नंबर कागदाशी जुळला.

"काका, माझ्या बाजूनं सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "अठरा लाखांपर्यंत जाईल. फक्त तुमचं एक वाक्य हवं. साहेबांनी सांगितलंय, चांगदेवकाका अखंड म्हणाले तरच घ्यायची."

"ते तर चौऱ्याऐंशीलाच म्हटलंय त्यांनी," प्रितम हसत म्हणाला. "काका, आता फक्त री ओढा."

चांगदेवनं री ओढली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण कामाचं वेड लागलेल्या माणसाला आयतं चालत नाही. तो म्हणाला, "आलीच हाय तर पानी घालून बघतो."

हे पाणी घालणं त्याला पन्नाशीनंतर सुचलं होतं. भर दुपारी उन्हात गाडी धुताना त्याच्या ध्यानात आलं, की पत्रा जिथं पातळ तिथं पाणी आधी वाळतं, जिथं आतून काही भरलंय, जाड झालंय, तिथं मागाहून. तेव्हापासून पारखताना तो गाडीवर वरून बादलीभर पाणी ओततो आणि नुसता बघत राहतो. बापाचा नियमही मोडत नाही, कारण पाण्याला कुठं हात असतो?

प्रितम उसाचा रस सांगायला पलीकडं गेला. वृषाली सावलीत बसून फॉर्म भरायला लागली. चांगदेवनं स्टुलावर चढून डॉजच्या टपावर बादली रिकामी केली. काळा पत्रा तव्यासारखा तापला होता, पाणी कडेकडेनं आटत आलं. पुढून वाळलं. मागून वाळलं. आणि मधल्या खांबाच्या वर, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, बोटभर रुंदीचा एक ओला पट्टा तेवढा राहिला. सरळ, सुतात धरल्यासारखा.

चांगदेवच्या पायाखालचं स्टूल हललं. खरं तर स्टूल जागच्या जागी होतं.

गाडी जोडलेली होती. पुढचा अर्धा एका डॉजचा, मागचा अर्धा दुसऱ्या डॉजचा. चॅसी एकच म्हणून नंबर जुळत होते. चाळीस वर्षं दोन तालुके ज्या शब्दावर विश्वासून होते तो शब्द चुकीचा होता, आणि हे त्या घडीला आवारात फक्त चांगदेवला ठाऊक होतं. पट्टा कडेनं आखडत चालला होता. अजून अर्ध्या मिनिटात तो वाळून जाणार होता. चांगदेवनं नुसतं गप्प राहायचं, स्टुलावरून उतरायचं, आणि एक शब्द म्हणायचा. सहासष्ट वर्षांच्या माणसानं एवढंही करू नये?

खोटं कशाला लिहू, त्याला मोह झाला. चांगला झाला. मग तो ओरडला, "पोरी, इकडं ये! पळ, वाळायच्या आत!"

वृषाली धावत आली, स्टुलावर चढली आणि तिनं तो पट्टा बघितला. प्रितम रसाचे ग्लास घेऊन आला तेव्हा चांगदेवनं दुसरी बादली ओतली आणि त्यालाही दाखवला. वृषालीनं पट्ट्यावर यंत्र टेकवलं. मघापर्यंत शहाण्यासारखं वागणारं यंत्र भलतेच आकडे दाखवायला लागलं.

"जोड हाय," चांगदेव म्हणाला. "मी चुकलो. चौऱ्याऐंशीला चुकलो, आज कळलं."

प्रितमच्या हातातला रस सांडला. तो रागानं म्हणाला, "काका, आजोबा मरेपर्यंत तुमचं नाव घेत होते. आणि तुम्ही आज सांगता?"

"आज दिसलं म्हनून आज सांगतो." चांगदेव म्हणाला. बापाचा नियम पाळायच्या नादात पाठ बघायचीच राहिली होती. बैल काही दोन अर्ध्यांचा जोडून विकता येत नाही. मोटार विकता येते, एवढा फरक भिमाजीच्या लेकाच्या डोक्यात शिरला नव्हता. बरं, टपाचं एक सोडा. खांबावर तर हात फिरवला होता ना? दाराखालची पट्टी तर चाचपली होती? तिथूनही हाच जोड गेला असणार. मग बोटांना कसा लागला नाही?

त्यानं प्रितमकडं परवानगी मागितली. प्रितमनं तोंड फिरवूनच मान हलवली. चांगदेवनं टपावरचा तळहाताएवढा रंग पत्र्याला हात न लावता पात्याच्या टोकानं हलकेच खरवडला. खाली पुट्टी नव्हती. खाली चांदीसारखी झळाळी होती, कथील आणि शिसं. तो आणखी वाकला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायला लागला.

डेंटरनं कथील भरलं की तो कानस चालवतो, आणि कानशीच्या रेघा सरळ असतात. इथं एकही सरळ रेघ नव्हती. इथं वर्तुळं होती, वर्तुळात वर्तुळं, एकातून एक निघालेली, बारीक, न थकता फिरवलेली. हे चांगदेवनं मोटारीत कधी पाहिलं नव्हतं. पण दुसरीकडं पाहिलं होतं, आणि शेकडो वेळा पाहिलं होतं. उस्तादांच्या गॅरेजच्या मागच्या अंगाला भट्टीपाशी बसून, नवसागर टाकून, तापल्या पातेल्यात कापसाचा बोळा गोल गोल फिरवणारी एक बाई. कल्हई करणारी, उस्तादांची बायको.

"आयला," चांगदेव पुटपुटला. "काकू!"

आपला शब्द बुडाल्याचं दुःख अजून ताजं होतं, आणि त्याच्यावरून हे काहीतरी भलतंच मोठं चढत आलं. साडेचार फुटांचा टप, दोन खांब, दोन पट्ट्या, एवढा जोड कुणी कापसाच्या बोळ्यानं मिटवला होता. चाळीस पावसाळे गेले तरी त्याला एक भेग नव्हती.

"गाडी काढ, प्रितम," तो म्हणाला. "मढला जायाचं."

रखमाजी केव्हाच वारले होते. त्यांची बायको धोंडाबाई माळशेजच्या वाटेवर मढला लेकीकडं राहत होती. डॉज ओतूर मागं टाकून निघाली. प्रितम गाडी हाकत होता. मागं बसलेल्या वृषालीनं एकदाच विचारलं, "काका, हे तुम्ही मला सांगितलंच नसतं तर?" चांगदेव म्हणाला, "तर आज रातीला झोप लागली नसती. आता तसंबी लागनार नाय."

धोंडाबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यांत मोतीबिंदू, अंग मुठीएवढं. गाडी दारात थांबली तशी तिनं आवाजावरून मान वर केली.

"काकू, मी चांगदेव. कोनची गाडी आनलीय, वळखा."

म्हातारी भिंतीला धरून उठली, चाचपडत गाडीपाशी आली. तिचा हात आधी काचेला लागला, मग दाराला. मग तो मधल्या खांबावर गेला आणि तिथं थांबला. ज्या जागेवर चांगदेवची बोटं दोन तास फसली होती तिथं तिचा अंगठा एका क्षणात टेकला. ती खाली बसली आणि दाराखालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हितून गेलाय," ती म्हणाली. "आन वरून. ह्यो माझा जोड हाय."

प्रितम बघतच राहिला. त्याचा राग कुठं गेला ते त्यालाच कळलं नसेल. त्यानं ओसरीवरचं घोंगडं आणून तिच्यासाठी अंथरलं.

मग धोंडाबाईनं सांगितलं. त्या वर्षी रखमाजींचे हात कापायला लागले होते. मुठीत हातोडी राहीना. ही गोष्ट फुटली असती तर गॅरेजला कुलूप लागलं असतं, म्हणून नवरा-बायकोनं ती पोटात ठेवली. त्याच वेळी नाशिककडचा तो कंत्राटदार दोन डॉज घेऊन आला. एक माळशेजच्या घाटात मागून चेपलेली, दुसरी पुढून जळालेली. दोन्हींची एक करा म्हणाला, मला घरच्यासाठी पाहिजे.

"कापाकापी आन गॅसचं काम त्यांनी कसंबसं केलं. पर जोड मिटवायचा कसा? मी म्हनलं, पातेल्याला भोक पडलं तर मी बुजवतेच की. ह्ये थोरलं पातेलं. अकरा दिस कापूस फिरवला बघ. बोटं भाजली ती भाजलीच." तिनं हात पुढं केले. बोटांची टोकं गुळगुळीत होती, रेषाच नव्हत्या. "अजून रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत न्हाई माझा."

"आन कंत्राटदारानं शेठना इकली," चांगदेव म्हणाला.

"तीन म्हैन्यांनी आला की इकाया! शेठनी ह्यांना बोलावलं. ह्यांना खोटं बोलवंना, आन खरं सांगावं तर कोनी क्येलं ह्ये सांगावं लागंल. म्हनून तुझं नाव घेतलं. मला म्हनले, चांगदेव पकडील, आपन सुटू."

चांगदेवनं डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षं ज्याला तो उस्तादांनी दिलेला मान समजत होता, ती उस्तादांची विनवणी होती. पकड, पोरा, आणि आम्हाला सोडव. आणि पोरानं छाती फुगवून अखंड म्हणून टाकलं.

"मी नाय पकडलं काकू," तो म्हणाला. "तुमाला अडकवून ठेवलं मी. शेठनाबी फसवलं."

"आरं, ऐक." धोंडाबाईनं त्याचं मनगट धरलं. "मी तवा कळशी घेऊन पंपापाशीच हुबी व्हते. तुजी बोटं ह्या पट्टीवरून सरकताना बघत व्हते. आन तू म्हनलास, अखंड हाय. ह्ये मान खाली घालून गॅरेजात गेले. मी बोलाया पायजे व्हतं. न्हाई बोलले. ते पाप माझं, त्यात तुजा वाटा न्हाई." तिनं दुसरा हात पट्टीवर टेकवला. "पर खरं सांगू? जल्मभर गावाची पातेली उजळली. लोकं आत बघायची आन म्हनायची, कितीला? काम कसं झालंय ते कोनी म्हनलं न्हाई. ह्येंनीबी न्हाई. त्या दिवशी एक मानूस दोन तास माझं काम बघत बसला, आन चारचौघांत म्हनला, सांधा न्हाई. घरी जाऊन मी चुलीपाशी बसून हासले, रडलेबी. एवढंच मिळालंय मला, चांगदेवा. त्याला चुकी म्हनू नगंस."

वृषालीनं फॉर्म मांडीवर घेतला होता. 'मूळ' या शब्दापुढं तिनं फुली मारली, आणि दुरुस्तीच्या खणात नाव लिहिलं, धोंडाबाई रखमाजी तांबट. अठराचा आकडा खोडून सहा लिहिला. तिच्या धंद्याच्या हिशेबानं तो बरोबर होता आणि त्याबद्दल तिला कुणी नाव ठेवलं नाही. मग ती चांगदेवला म्हणाली, "काका, हा माझा आकडा झाला. पण असं काम मी कुठंच पाहिलेलं नाही. तुम्ही काय म्हणाल? खरी किंमत काय?"

चांगदेव उठला. गाडीपाशी गेला. भिमाजी औटीच्या लेकानं आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात टपावर ठेवले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, जोडावरून, सावकाश. पत्रा अजून ऊन होता. हाताखाली काही लागलं नाही. तो पुन्हा एकदा फिरवत गेला, मग तिसऱ्यांदा, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"अखंड हाय," तो म्हणाला.

म्हातारी घोंगड्यावरून हसली. दात नव्हते, पण हसणं भरपूर होतं. "ते ऐकलंय मी. कितीला, ते सांग की!"

"ते आता मला नाय सांगता यायचं, काकू," चांगदेव म्हणाला. "पाठीवरून हात फिरवला मी."